शंभरातले अठरा

‘चौपट’ हा शब्द मुळात केतकी धोंडचा. तिनं तो एका मुलाखतीत वापरला होता आणि वापरला तेव्हा तो अगदी बरोबर होता. एक किलो युरेनियमचे अणू फोडून जेवढी उष्णता मिळते, त्याच्या चौपट उष्णता एक किलो जड हायड्रोजन एकत्र जोडून मिळते, एवढंच ती म्हणाली होती. प्रसिद्धी विभागानं बाकीचं सगळं वाक्य गाळलं आणि तो एक शब्द उचलला. बघता बघता देवशिळच्या पुलापासून नागपूरच्या विमानतळापर्यंत फलक लागले : ‘मित्र – चौपट ऊर्जा!’

‘मित्र’ हे देवशिळच्या खाडीच्या दक्षिण तीरावरचं संमीलन वीजकेंद्र. सूर्याच्या नावांतलं एक नाव त्याला दिलेलं, कारण सूर्याच्या पोटात जे चालतं तेच इथं एका पोलादी कड्याच्या आत चालायचं. केतकी तिथली मुख्य शास्त्रज्ञ. समोर, उत्तर तीरावर, देवशिळचं अणुकेंद्र होतं. चार अणुभट्ट्या, सगळ्या विखंडनावर चालणाऱ्या, चाळीस वर्षं मुकाट्यानं वीज देणाऱ्या. त्यातल्या एक आणि दोन नंबरच्या भट्ट्यांचा प्रमुख होता निनाद धोंड, केतकीचा नवरा. दोघांचं घर उत्तरेच्या कॉलनीत होतं. सकाळी निनाद चालत कामावर जायचा आणि केतकी पूल ओलांडून. “तुझ्या मित्राला माझा नमस्कार सांग,” असं तो रोज दारातून ओरडायचा. लग्नाला वीस वर्षं झाली तरी या विनोदावर तो स्वतःच हसायचा.

मार्च महिन्यात ऊर्जा सचिव रेणुका इंगळे देवशिळला आल्या. बाई मोजकं बोलणाऱ्या. केतकीला समोर बसवून त्यांनी सरळ विषय काढला.

“सरकारचा विचार असाय की वर्षअखेर उत्तरेच्या चारही भट्ट्या बंद करायच्या. ‘मित्र’ चालू आहे, दुसरा ‘मित्र’ बांधायचाय. पण त्याआधी दोन्ही केंद्रांची कार्यक्षमता शेजारी शेजारी मांडलेली हवी. जनसुनावणीत लोक विचारतील. ती तुलना तुम्ही करायची.”

“मीच का?”

“विखंडनवाल्यांनी केली तर म्हणतील, स्वतःची कातडी वाचवली. तुम्ही संमीलनाच्या. तुमचं लोक ऐकतील.” मग जरा थांबून, “तुमचे मिस्टर तिकडं आहेत ना? काही अडचण?”

“आकड्यांना सासर-माहेर नसतं, मॅडम,” केतकी म्हणाली.

उत्तर झोकात दिलं होतं तिनं. निकाल काय लागणार याबद्दल तिच्या मनात शंकाच नव्हती. संमीलनावर तिनं आयुष्याची उमेदीची वर्षं घातली होती.

काम तिनं शिस्तीत सुरू केलं. पहिला भाग सोपा होता. युरेनियमचं जडशीळ केंद्रक एका न्यूट्रॉनच्या धक्क्यानं फुटतं, त्याचे तुकडे वेगानं फेकले जातात आणि त्या वेगाची उष्णता होते. हे विखंडन. एक किलो युरेनियम पूर्ण फुटलं तर तीन हजार टन कोळशाचं काम करतं. संमीलनात उलटं : हायड्रोजनची दोन जड भावंडं, ड्युटेरियम आणि ट्रिटियम, एकमेकांत मिसळून हेलियम होतात. त्या एक किलोचं काम बारा हजार टन कोळशाइतकं. चौपट. शिवाय प्रत्यक्षात देवशिळच्या भट्टीत घातलेल्या युरेनियमचा शेकडा एक भागही फुटत नव्हता, उरलेलं सगळं जळकं इंधन म्हणून हजारो वर्षं सांभाळायचं. संमीलनाच्या मागं असला वारसा नाही. इथवर ‘मित्र’ मैलभर पुढं होता.

पण वीजकेंद्राची परीक्षा इंधनाच्या पोटात होत नाही, ती फाटकावरच्या मीटरवर होते. किती वीज बाहेर गेली, आणि त्यासाठी आत किती खर्च झाली?

युरेनियमचा अणू फुटायला फारसं काही मागत नाही. एक फुटला की त्यातले न्यूट्रॉन पुढच्याला फोडतात, पंप फिरते ठेवले की झालं. देवशिळच्या भट्टीत शंभर भाग उष्णता तयार झाली तर तिची तीस भाग वीज व्हायची, तीन भाग केंद्र स्वतः खायचं आणि सत्तावीस भाग फाटकाबाहेर पडायचे. ‘मित्र’ जास्त तापायचा, त्यामुळे त्याच्या शंभर भागांतून चाळीस भाग वीज निघायची. इथंही तो पुढं. पण दोन हायड्रोजन खुशीनं जवळ येत नाहीत. त्यांना पंधरा कोटी अंशांपर्यंत तापवावं लागतं. इतका तापलेला वायू, म्हणजे प्लाझ्मा, कुठल्याच भांड्यात मावत नाही, म्हणून त्याला चुंबकांच्या विळख्यात तरंगत ठेवावं लागतं. ते चुंबक तऱ्हेतऱ्हेच्या यंत्रांनी गोठवून ठेवावे लागतात. या सगळ्या सरबराईत चाळीसातले बावीस भाग ‘मित्र’ स्वतःच खाऊन टाकत होता.

उरले अठरा.

केतकीनं ते पुन्हा मोजलं, नव्या मीटरवर मोजलं, दोन वेगवेगळ्या आठवड्यांचं मोजलं. अठराच आले. तिकडं सत्तावीस आणि इकडं अठरा.

‘मित्र’चे संचालक डॉ. फारूख मुकादम यांच्यासमोर तिनं आकडे ठेवले. मुकादम खाडीपलीकडच्याच गावचे. पोरवयात या जागेवर त्यांनी करवंदं वेचली होती. संमीलनासाठी परदेशातली मोठी नोकरी सोडून ते इथं आले होते.

“अठरा मला ठाऊक आहेत, केतकी. दहा वर्षांत ते तीस होतील, हेही ठाऊक आहे. आपले चुंबक सुधारतायत. प्लाझ्मा स्वतःच्याच उष्णतेवर जास्त जगायला शिकतोय.”

“तेही लिहिणार आहे, सर. अगदी ठळक.”

“मग आजचा अठरा कशाला? लहान मुलाच्या प्रगतिपुस्तकावरून त्याला जन्मभर तोलतात का?”

“नाही. पण त्याच्या भरवशावर घरातल्या मोठ्या माणसाला कामावरून काढतही नाहीत.” केतकी पुढं सरकली. “आणि ट्रिटियमचं काय, सर? निसर्गात तो जवळजवळ नाहीच. आपण आपल्या कड्याच्या भिंतीतल्या लिथियममधून तयार करतो, पण जळतो त्याहून जरा कमीच होतो. ती तूट उत्तरेच्या भट्ट्या ज्यानं गार ठेवतात त्या जड पाण्यातून भरून निघते. तिथल्या भट्ट्यांत न्यूट्रॉन जड पाण्यावर आपटून आपोआप ट्रिटियम बनतो. चारही भट्ट्या बंद केल्या तर आपण खाणार काय?”

मुकादम खिडकीशी गेले. परतले तेव्हा त्यांच्या आवाजात चीड नव्हती, काळजी होती.

“तू खोटं लिही असं मी म्हणणार नाही. पण सभागृहात उभी राहशील तेव्हा पहिला प्रश्न अठरावर येणार नाही. पहिला प्रश्न येईल, बाईंचा नवरा कुठं काम करतो? त्याचं उत्तर तयार ठेव.”

केतकीकडं त्याचं उत्तर होतं, आणि मुकादमांच्या प्रश्नापेक्षा तेच तिला जास्त छळत होतं. कारण कार्यक्षमता मोजताना तिनं चारही भट्ट्या वेगवेगळ्या मोजल्या होत्या. तीन आणि चार नंबर ठणठणीत होत्या. एक आणि दोन थकल्या होत्या. इंधन ज्यात ठेवतात ती नळकांडी वाकत चालली होती, म्हणून एक नंबर ऐंशी टक्क्यांच्या वर चालवायला परवानगीच नव्हती. त्या दोन बंद करून तीन आणि चार पंधरा वर्षं चालवाव्यात, ‘मित्र’ अंगानं भरेपर्यंत, ही तिची शिफारस होती. एक आणि दोन म्हणजे निनादच्या.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिनं त्याला सांगितलं. निनाद कोकमाचं सार ओतून घेत होता. त्यानं वाटी खाली ठेवली.

“आत्ता सत्तावीस म्हणालीस तेव्हा क्षणभर मी खूश झालो.”

“सत्तावीस तीन आणि चारचे आहेत. तुझ्या दोघींचे चोवीसच्या आसपास.”

“नळकांडी बदलता येतात.”

“येतात. भट्टी दोन-अडीच वर्षं बंद ठेवून. आणि मग ती चालणार किती? मी दोन्ही बाजूंनी मांडून पाहिलं, निनाद. जमत नाही.”

“एक नंबर पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा बाबा तिथं होते. मी शाळेच्या गणवेशात बघायला गेलो होतो.” तो उठला, पुन्हा बसला. “तुला माझ्याशी आधी बोलता आलं असतं.”

“आधी बोलले असते तर हा आकडा माझा राहिला नसता. आपल्या दोघांचा झाला असता.”

हे त्याला पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त लागलं. पुढचे काही दिवस घरात दोघं भाजी, दूध आणि गॅसबद्दलच बोलले. सकाळचा नमस्कार बंद झाला. पुलावरून जाताना केतकीला पहिल्यांदाच तो पूल लांब वाटला. पण शिफारशीतलं एक अक्षर तिनं बदललं नाही, आणि निनादनंही ‘ते बदल’ असं एकदाही सुचवलं नाही.

जनसुनावणीला कॉलनीचं सभागृह खच्चून भरलं होतं. मुकादम म्हणाले होते तसंच झालं. केतकीचं बोलणं संपतं न संपतं तोच ॲडव्होकेट विक्रांत शेट्ये उठले. किनाऱ्यावरच्या अणुकेंद्रविरोधी चळवळीचा हा माणूस मनापासून लढणारा होता. जळक्या इंधनाची काळजी त्यांच्याइतकी कोणी केली नसेल.

“डॉक्टर धोंड, फलकावर चौपट आणि तुमच्या तोंडी निम्मं-पाऊण. आम्ही खरं काय धरायचं?”

“दोन्ही. इंधनाच्या किलोमागं संमीलन चौपट देतं. फाटकापर्यंत येईस्तोवर आजचा ‘मित्र’ त्यातलं बरंचसं स्वतः खातो. फलक लावणाऱ्यांनी पहिलं सांगितलं, दुसरं गाळलं.”

“आणि आपले यजमान कुठल्या फाटकाच्या आत असतात?”

सभागृहात हशा पिकला. मागच्या रांगेत बसलेल्या निनादकडं माना वळल्या.

“देवशिळ एक आणि दोन,” केतकी शांतपणे म्हणाली. “त्याच दोन बंद करा असं मी म्हणतेय. अहवालाचं पान तुमच्या हातात आहे.”

हशा विरला. शेट्यांनी पान पुन्हा चाळलं, पण ते बसले नाहीत. “आकडे शेवटी तुमचेच.”

“मग तुम्ही मोजा. मंगळवारी या, सचिवांना घेऊन या, हवा तो तज्ज्ञ आणा. दोन्ही फाटकांची मीटरं तुमच्यासमोर उघडते.”

मंगळवारी एप्रिलचं ऊन रणरणत होतं. घराघरांत पंखे आणि वातानुकूलन यंत्रं चालू, राज्याची विजेची मागणी टिपेला पोचलेली. इंगळेबाई, शेट्ये आणि मुंबईहून आलेले दोन तज्ज्ञ केतकी आणि मुकादमांसोबत ‘मित्र’च्या नियंत्रण कक्षात उभे होते. भिंतीएवढ्या पडद्यावर प्लाझ्माचं कडं जांभळट-गुलाबी तेजानं सळसळत होतं आणि शेजारी फाटकाचा आकडा. अठरा टक्के. तज्ज्ञांनी स्वतःच्या उपकरणांनी मोजून मान डोलावली.

आणि कडं विझलं.

धडाका नाही, धूर नाही. कड्याच्या एका बाजूला एक थरथर उमटली, ती क्षणात सगळीकडं पसरली आणि पडदा काळा झाला.

शेट्ये दोन पावलं मागं सरले. “काय झालं? बाहेर पडायचं का?”

“काही नाही. प्लाझ्मा विस्कटला,” केतकी म्हणाली. तिचे हात तोवर नियंत्रण फलकावर पोचले होते. “संमीलनाचा हा मोठा गुण आहे, वकीलसाहेब. इथं काही बिघडलं की आग भडकत नाही, विझते. आत एका वेळी चिमूटभरच इंधन असतं. धोका काही नाही.”

“आणि ते?” इंगळेबाईंनी बोट दाखवलं. फाटकाचा आकडा उणे झाला होता. ‘मित्र’ वीज द्यायची थांबला होता आणि घ्यायला लागला होता. चुंबक गार ठेवायलाच वीज लागत होती आणि पुन्हा पेटायचं तर तिच्या कितीतरी पट लागणार होती. चुंबक एकदा का तापले की पुन्हा गोठवण्यात कित्येक दिवस जाणार.

केतकीनं उत्तरेचा थेट फोन उचलला. पलीकडं कोण असणार हे तिला माहीत होतं. नियमाप्रमाणे तिनं नाव सांगितलं.

“देवशिळ, ‘मित्र’हून धोंड बोलतेय. प्लाझ्मा गेला. पुन्हा पेटवायला तीनशे मेगावॉट हवेत, अर्ध्या तासासाठी.”

“‘मित्र’, देवशिळहून धोंड बोलतोय. राज्याची मागणी टिपेला आहे. भार नियंत्रण केंद्राला विचारतो. लाइनवर राहा.”

घरात दोन आठवडे नीट न बोललेला तो आवाज इथं मात्र नेहमीसारखा होता, जागच्या जागी. केतकीला एकदम हायसं वाटलं.

“परवानगी आहे. अर्ध्या तासात ‘मित्र’ परत उभा राहणार असेल तर तोवर काही कारखान्यांचा भार उतरवतायत. दोन नंबरवरून देतोय. एक नंबरवरून उरलेलं.”

मुकादम फोनवर वाकले. “धोंडसाहेब, मुकादम बोलतोय. एक नंबर पूर्ण ताकदीवर नेता आली तर आमचं काम पंधरा मिनिटांत होईल.”

“नाही, सर. एक नंबर ऐंशीच्या वर जाणार नाही,” निनाद म्हणाला. “तिची नळकांडी थकलीत. तुमच्याच धोंडबाईंनी लिहिलंय तसं.”

केतकीनं फोन कानाशी घट्ट धरला. कक्षात पाहुणे होते, म्हणून ती फक्त “समजलं, देवशिळ” एवढंच म्हणाली.

वीज पुलाखालच्या केबलांतून दक्षिणेला आली. चुंबकांनी श्वास धरला. केतकीनं वायूचा पहिला फवारा सोडला, तापवणाऱ्या लहरी चढवत नेल्या. पहिल्या खेपेला कडं लुकलुकून गेलं. दुसऱ्या खेपेला तिनं चुंबकाचा ताण किंचित ढिला ठेवला. थरथर जिथून सुरू झाली होती त्याच बाजूला. पडद्यावर एक गुलाबी रेघ उमटली, रुंद झाली, वळली आणि कडं पुरं झालं. कक्षात टाळ्या पडल्या. शेट्येही टाळ्या वाजवत होते, हे त्यांच्या जरा उशिरानंच लक्षात आलं.

“पेटला,” केतकी फोनवर म्हणाली. “आभार, देवशिळ.”

“बरं झालं,” पलीकडून आवाज आला. मग नियमात न बसणारं वाक्य : “मित्राला नमस्कार सांग.”

निघताना शेट्ये केतकीपाशी थांबले. “तीन आणि चार चालू ठेवायला माझा विरोध राहील. जळक्या इंधनाचं उत्तर मिळेपर्यंत राहील.”

“राहायलाच हवा,” ती म्हणाली. “तुम्ही विचारत राहिलात तरच ते उत्तर कोणी शोधेल.”

“पण तुमच्या आकड्यांना माझा विरोध नाही.”

सरकारनं शिफारस मान्य केली. ‘चौपट’चे फलक हळूहळू उतरले. दुसऱ्या ‘मित्र’ची जागाही नक्की झाली, ती पहिल्यातून शिकून मगच बांधायची या अटीवर.

दिवाळीपूर्वी दोन नंबर बंद झाली आणि दिवाळीनंतरच्या एका सकाळी निनादनं एक नंबर बंद केली. त्यानं केतकीला मुद्दाम बोलावलं होतं. नियंत्रक कांड्या खाली उतरल्या, आकडा घसरत घसरत तळाला टेकला आणि इतकी वर्षं कानात बसलेली टर्बाइनची घरघर थांबली. जुनी माणसं डोळे पुसत होती. निनाद नाही. त्यानं नियंत्रण फलकावर हात ठेवला, मग केतकीकडं वळून म्हणाला, “चोवीस नव्हते हं. शेवटच्या महिन्यात पंचवीस काढले तिनं.”

“दुरुस्ती करते,” केतकी म्हणाली, आणि खरोखरच केली.

मग जड पाणी काढून घ्यायचं काम निघालं. त्यातला ट्रिटियम वेगळा करून धातूच्या भुकटीत मुरवायचा आणि हंडीएवढ्या जाड पोलादी डब्यांत भरायचा. ते काम निनादकडं होतं. पहिला डबा तयार झाला तेव्हा तो बंदोबस्ताच्या गाडीतून स्वतः घेऊन पूल ओलांडून आला. ‘मित्र’ सुरू झाल्यापासून त्यानं एकदाही आत पाऊल टाकलं नव्हतं.

डबा जोडला गेला. मुकादम, केतकी आणि निनाद पडद्यासमोर उभे राहिले. एक नंबरच्या पाण्यात तयार झालेला ट्रिटियम कड्यात शिरला आणि त्या जांभळट तेजात मिसळून गेला. काहीच वेगळं दिसलं नाही. तरी निनाद बराच वेळ बघत राहिला. तापमान, चुंबकाचा ताण, पंपांचा दाब, त्याची नजर एकेका आकड्यावर जाऊन थांबत होती. नव्या घरात आलेला माणूस कुठली खिडकी कुठं उघडते ते बघतो, तशी.

“भूक चांगली आहे याची,” तो म्हणाला.

“वाढत्या वयाचा आहे,” केतकी म्हणाली.

निनाद हसला. मग मुकादमांकडं वळला. “सर, हे चालवायला शिकायचं तर किती वेळ लागतो?”

“कोणाला?”

“मला.”

मुकादमांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. “वर्षभर. पण शिकाऊ म्हणून यावं लागेल, धोंडसाहेब. तुमच्या शेजारच्या खुर्चीवर पंचविशीची पोरं असतील.”

“चालेल,” निनाद म्हणाला. “सोमवारपासून येतो.”